किती वाजता चावलं?

मराठीत सगळेच चावतात. डास चावतो, कुत्रा चावतो, विंचू चावतो, मधमाशी चावते, नवी चप्पलसुद्धा चावते. खरं तर विंचवाची नांगी शेपटीच्या टोकाला आणि मधमाशीचा काटा पोटाच्या टोकाला, म्हणजे दोघंही मारतात ते मागून. डास तोंडाने काम करतो, पण त्यात दात नसतात. तो नळी खुपसून ओढतो. घोणीची तऱ्हा तिसरीच. तोंडाखाली वळलेल्या पायांच्या पहिल्या जोडीने ती विष टोचते. बोलताना हे सगळं एका ‘चावण्या’त भागून जातं. पण घरातलं कुणी हात धरून कळवळत समोर उभं राहिलं की हा फरक उपयोगी पडतो.

तोंडाने जे येतात ते जेवायला आलेले असतात. डास, ढेकूण, पिसू, गोचीड यांना तुमचं रक्त हवं असतं, तेही तुम्हाला पत्ता न लागता. रक्त गोठू नये म्हणून ते आपली लाळ आत सोडतात. त्या लाळेवर शरीर चिडतं आणि खाज सुटते, ती बहुधा पाहुणा जेवून गेल्यावर. मागून जे मारतात त्यांना तुमच्याकडून काही नको असतं, तुम्ही लांब व्हावं एवढंच हवं असतं. त्यासाठी तिथल्या तिथे दुखायला हवं आणि त्यांचं विष त्याच कामाचं असतं. म्हणून पहिला प्रश्न: खाजतंय की दुखतंय? खाजणारं बहुतेक वेळा थांबू शकतं. दुखणाऱ्यासाठी दुसरा प्रश्न लगेच विचारायचा आणि घरात तो सहसा कुणाला सुचत नाही: किती वाजता चावलं?

डॉक्टर मात्र तोच आधी विचारतात. चावल्यावर काय लावायचं याबद्दल आपल्याकडे प्रत्येक घराचं वेगळं शास्त्र आहे. लावण्याने फार थोडा फरक पडतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात हात कशाला लागले, पहिल्या अर्ध्या तासात डोळे कुठे होते, याने खूप पडतो.

मागच्या मे महिन्यात गावी माझी पुतणी संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढत होती. टॉवेलच्या घडीत मधमाशी बसलेली. पोरीने किंकाळी फोडली आणि घरातली सगळी माणसं कामाला लागली. आई म्हणाली, “चुन्याची डबी आणा.” शेजारचे अण्णा म्हणाले, “चुना कशाला, लोखंड घासा.” वहिनी चिमटा शोधायला कपाटाकडे धावली. मी पुतणीचा हात उजेडात धरला. मनगटाच्या हाडाच्या जरा वर एक तपकिरी काटा उभा होता आणि त्याच्या वरच्या टोकाला मोहरीएवढी पांढुरकी पिशवी. माशी केव्हाच उडाली होती. पिशवी मात्र हलत होती: आवळत होती, सैल पडत होती, पुन्हा आवळत होती. चिमट्याची वाट न बघता नखाने ती उडवली. तोवर बारा-पंधरा सेकंद गेले असतील. तेवढेही जायला नको होते.

त्या काट्याची रचना बघण्यासारखी आहे. त्यात दोन बारीक पाती शेजारी शेजारी असतात आणि दोन्हींना उलट्या तोंडाचे दाते. एक पातं पुढे सरकतं आणि दात्यांनी कातडीत अडकतं, मग त्याच्या आधाराने दुसरं आणखी आत जातं. माशी उडायला जाते तेव्हा काटा सुटत नाही. तिच्या पोटाचा शेवटचा तुकडाच तुटून मागे राहतो, त्यात विषाची पिशवी, ती दाबणारे स्नायू आणि त्या स्नायूंना हुकूम देणारी मज्जातंतूंची गाठ. माशी पुढे जाऊन मरते, तिचा पंप इथे चालूच राहतो. पिशवीतलं बहुतेक विष पहिल्या वीस-तीस सेकंदांत आत गेलेलं असतं. त्यानंतर सावकाश, नीट, बिनचूक काढलेल्या काट्याला फारसा अर्थ उरत नाही.

काटा चिमटीत धरू नका, पिशवी पिळली जाईल, कडेने खरवडून काढा, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. कॅलिफोर्नियातले मधमाश्यांचे अभ्यासक किर्क व्हिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे स्वतःच्या हातांवर माश्यांचे डंख घेऊन तपासलं. 1996 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी लिहिलं की चिमटीने काढा की खरवडून, उठणाऱ्या गाठीत फरक पडत नाही, उशीर झाला की गाठ मोठी होते. तेव्हा नख, एटीएमचं कार्ड, विळीची बोथट बाजू, जे हाताशी असेल ते.

काटा फक्त मधमाशीच मागे ठेवते. गांधीलमाशीचा काटा गुळगुळीत असतो, ती तोच पुन्हा पुन्हा वापरते, म्हणून तिने मारलेल्या जागी सुईने कोरत बसू नये. आणि काटा हा मुळात अंडी घालण्याच्या अवयवाचा बदललेला अवतार असल्यामुळे तो माद्यांनाच असतो. नर मधमाशी अंगावर बसली तर बसू द्यावी, पण तेवढं ओळखण्याइतका धीर धरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

डंखाबरोबर एक वासही सुटतो, पिकलेल्या केळ्यासारखा. आयसोअमाइल ॲसिटेट हा त्यातला मुख्य घटक. पोळ्यावरच्या इतर माश्यांसाठी ती हाकाटी असते. म्हणून जवळ पोळं असेल तर तिथेच उभं राहून फुंकर घालत बसू नये. काटा काढत काढतच लांब व्हावं आणि जागा साबणाने धुवावी. धुण्याने वासही जातो आणि जंतूही.

यानंतरचा पाव तास साध्या कामांचा. आधी अंगठी, बांगड्या, पायाला चावलं असेल तर जोडवी काढा. सूज चढल्यावर ती काढायला सोनाराची कात्री लागते. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं ठेवा, दहा मिनिटं काढा, पुन्हा ठेवा. नुसता बर्फ कातडीवर दाबून धरू नका. हात किंवा पाय उशीवर उंच ठेवा. फार ठणकत असेल तर मोठ्या माणसाला पॅरासिटामॉलची पाचशेची एक गोळी, खाज असेल तर सेटिरिझिनची दहाची एक, तीही शक्यतो रात्री, कारण तिने झोप येते आणि गाडी चालवणं धोक्याचं होतं. वरून कॅलामाइन लोशन. लहान मुलं, गरोदर बाई किंवा आधीच पाच-सहा गोळ्या चालू असलेली वडीलधारी माणसं यांच्यासाठी मात्र गोळी डॉक्टरांना विचारूनच. आणि घरात ‘खाजेची ट्यूब’ म्हणून जी पडून असते, तिच्यावरची बारीक अक्षरं एकदा वाचा. त्यात पुष्कळदा जोरदार स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक यांची मिसळ असते. एका डासाच्या गांधीसाठी ती चेहऱ्यावर चोळायचं काही कारण नाही.

आता चुना. पाण्यात विरलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, चांगलाच तीव्र अल्कली. पानात बोटभर ठीक. कातडीवर जाड थर देऊन ठेवला तर भाजतो. मग माशीचं दुखणं संध्याकाळी जातं आणि चुन्याचा फोड आठवडाभर राहतो. लोखंडाची किल्ली घासण्यात गैर काही नाही, थंड धातूने क्षणभर गार वाटतं. बर्फाने जास्त वाटतं. कांद्याची फोड, तुळशीचा पाला, झेंडूची पाकळी यांनी फायदा-तोटा दोन्ही होत नाही. तुळशीवृंदावनातली माती मात्र नको. तिच्यात जंतू असतात आणि आपण ती उघड्या भोकावर लावत असतो. हळदीबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. पिवळ्या लेपाखाली लाली वाढतेय की कमी होतेय ते दिसत नाही.

शाळेतल्या रसायनशास्त्रानेही यात थोडी भर घातली आहे. मधमाशीच्या डंखात आम्ल असतं, त्यावर खाण्याचा सोडा लावावा, असं एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानात वाचून पिढ्या मोठ्या झाल्या. आम्ल असतं, पण दुखवणारा मुख्य गडी तो नव्हे. माशीच्या वाळलेल्या विषात निम्मं मेलिटिन असतं, 26 अमिनो आम्लांची एक साखळी, जी पेशींचं आवरण फाडते. ती कातडीच्या आत आणि तुमचा सोडा कातडीच्या वर. त्यांची गाठच पडत नाही. फॉर्मिक ॲसिडची गोष्ट खरी आहे ती मुंग्यांच्या बाबतीत. आंब्याची पानं शिवून घरटं करणाऱ्या तांबड्या मुंग्या, कोकणातल्या ओंबील किंवा हुमले, आधी तोंडाने चिमटा काढतात आणि मग पोट वळवून त्यावर आम्ल उडवतात. तिथे साध्या पाण्याने भरपूर धुतलं की आग शमते.

मग हे सगळे उपाय गुणकारी कसे ठरले? एका माशीचं दुखणं तास-दोन तासांत आपोआपच उतरतं. त्या वेळी जे अंगाला लागलेलं असेल त्याला श्रेय मिळतं.

पहिल्या अर्ध्या तासात चावलेल्या जागेकडे बघत बसू नका, बाकीच्या अंगाकडे बघा. मनगटाला चावली आणि मनगट सुजलं, हे ठरल्याप्रमाणे चाललंय. मनगटाला चावली आणि पोटावर, मांडीवर पित्त उठलं, ओठ किंवा जीभ जड झाली, आवाज बसला, घशात काही अडकल्यासारखं वाटलं, छातीत घरघर सुरू झाली, ओकारी आली, डोळ्यांसमोर अंधारी आली, तर ही तीव्र ॲलर्जी आहे आणि हातात मिनिटं आहेत. काही माणसांच्या तोंडून तेव्हा फक्त “मला कसंतरीच होतंय” एवढंच निघतं. ते वाक्य हलक्यात घेऊ नये.

अशा वेळी माणसाला आडवं करा आणि पाय उशीवर घ्या. धाप लागली असेल तर बसतं ठेवा, पण उभं करू नका, गाडीपर्यंत चालवू नका. एकदम उभं केल्यावर रक्तदाब कोसळून माणसं गेलेली आहेत. 108 ला फोन करा किंवा जी गाडी असेल तिने निघा. दवाखान्यात लागतं ते ॲड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. आपल्याकडे ॲव्हिल आणि डेक्सा या जोडगोळीवर लोकांचा फार विश्वास. ती दुय्यम औषधं आहेत, ॲड्रेनलिनची जागा घेत नाहीत. बरं वाटल्यावर लगेच घरी पळायचीही घाई नको, कारण काही तासांनी हीच लक्षणं पुन्हा उसळू शकतात.

“मला लहानपणापासून दहा वेळा चावलीय, मला काही होत नाही,” हे वाक्य गावात फार ऐकू येतं. ॲलर्जी आधीच्या डंखांनीच तयार होत असते. दहा वेळा न झालेलं अकराव्या वेळी होऊ शकतं. ज्याला एकदा झालं, त्याने ते नुसतं लक्षात ठेवून भागत नाही, ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे जाऊन पुढची सोय करून ठेवावी. एक जागा अशी आहे की जिथे ॲलर्जी नसलेल्यालाही धोका असतो: घसा. रसवंतीगृहात उसाच्या चोथ्यावर माश्यांचा गोंगाट असतो आणि एखादी ग्लासात पडते. तोंडात किंवा घशात डंख बसला तर सूज श्वासाच्या वाटेवरच येते. बर्फाचा खडा चोखत थेट दवाखाना गाठायचा, आणि ग्लासात बघितल्याशिवाय प्यायचं नाही.

एक माशी आणि आग्यामोहोळ ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. सह्याद्रीच्या कड्यांना, लेण्यांच्या कपारींना, पुलांना आणि पाण्याच्या टाक्यांना लोंबणाऱ्या आग्या माश्या धूर, दगड, उग्र अत्तर, गोंगाट यांनी उठतात आणि शेकड्यांनी येतात. तिथे हात हलवून उपयोग नाही. तोंड-डोकं झाकून पळायचं आणि बंद खोली किंवा काचा लावलेली गाडी गाठायची. पाण्यात उडी मारू नये. माश्या वर थांबून राहतात आणि श्वास घ्यायला डोकं वर काढावंच लागतं. सुटल्यावर आधी काटे काढणं. डंख डझनावर गेले असतील, त्यातही मूल किंवा म्हातारं माणूस असेल, तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात दाखवायचंच. मोठ्या गांधीलमाश्यांच्या झुंडीचंही तसंच. इतकं विष आत गेलं की स्नायूंच्या आणि रक्ताच्या पेशी फुटतात आणि तो चुरा मूत्रपिंडात अडकतो. एक-दोन दिवसांनी लघवी कमी होते, तिचा रंग कोऱ्या चहासारखा होतो. तो रंग दिसण्याची वाट बघायची नसते, पण दिसला तर एक तासही घालवायचा नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतणीचा हात कोपरापर्यंत सुजला होता आणि घरात पुन्हा गडबड. “पू झालाय, अँटिबायोटिक सुरू करा,” हा निकाल अण्णांचा. काही जणांना एका डंखाने अशी वीतभर सूज येते. ती एक-दोन दिवस वाढते, गरम लागते, खाजते आणि आठवडाभराने ओसरते. हा जंतूंचा प्रकार नाही, विषावर शरीराने घेतलेला राग आहे. जंतूंचा असेल तर वेळ वेगळी असते. आधी बरं होत आलेलं दोन-तीन दिवसांनी पुन्हा लाल होतं, दुखणं वाढतं, ताप येतो, लाल रेघ वर चढते. त्या हातावर आम्ही बॉलपेनने सुजेची कड आखली आणि शेजारी वेळ लिहिली. तिसऱ्या दिवशी सूज रेषेच्या आत आली आणि अण्णा गप्प झाले.

खाजणाऱ्यांचं लवकर आटपतो. डास, ढेकूण, पिसू यांच्या गांधीवर कॅलामाइन किंवा बर्फ पुरे. मुलांची नखं कापा, खाजवून पडलेल्या जखमेत जंतू जातात तो खरा त्रास. केसाळ सुरवंट अंगाला लागला तर चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढून काढली की केस तिच्याबरोबर येतात, मग धुवा. घोण चावली तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात-पाय अर्धा तास बुडवल्याने दुखणं कमी होतं. पाणी आधी न चावलेल्या हाताने बघा.

पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती काळ्या-केशरी पट्ट्यांचा, मुंगीसारखा दिसणारा एक बारीक भुंगेरा येतो, पेडेरस. तो चावतही नाही आणि डंखही मारत नाही. मानेवर बसलेला आपण चिरडतो आणि त्याच्या अंगातला पेडेरिन नावाचा दाहक पदार्थ कातडीवर पसरतो. तेव्हा काहीच कळत नाही. दुसऱ्या दिवशी बोट फिरलं असेल तिथे भाजल्यासारखा लाल पट्टा आणि त्यावर फोड. कोपराच्या घडीत झालं तर दोन्ही बाजूंना जुळ्या खुणा उमटतात. घरोघर याला नागीण समजतात आणि उतरवणाऱ्याकडे नेतात. नागीण शरीराच्या एकाच बाजूला, नसेच्या वाटेने येते आणि बहुधा फोडांच्या आधीपासून दुखते. हा किडा अंगावर दिसला तर फुंकून उडवा, चिरडला गेलाच तर लगेच साबणाने धुवा. रात्री झोपताना दिवा बंद करणं हा त्यावरचा सर्वात स्वस्त उपाय.

गोचिडीला रॉकेल, तूप, उदबत्तीचा चटका, काहीही लावू नका. बारीक चिमट्याने कातडीला लागून धरा आणि एकसारख्या जोराने सरळ वर ओढा. इथे घड्याळ नाही, कॅलेंडर बघायचं. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात 2016 पासून, त्याच्या आदल्या वर्षी गोव्यातल्या सत्तरीत, माकडताप आढळला तो गोचिडीमार्फतच. रानात जाऊन आल्यावर आठवड्या-दीड आठवड्यात जोराचा ताप आला तर डॉक्टरांना “रानात गेलो होतो” हे न विचारता सांगा. विदर्भात 2018 च्या पावसाळ्यात पसरलेल्या स्क्रब टायफसमध्येही हेच. तो ताप पसरवणारा किडा इतका बारीक असतो की चावलेलं कळतच नाही. काखेत किंवा जांघेत सिगारेटने डागल्यासारखी काळी खपली सापडली की निदान सोपं होतं.

विंचू मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण घरी करायचे उपचार त्याच्यापाशी संपतात.

आपल्याकडे दोन तऱ्हेचे विंचू जास्त दिसतात. मोठा, काळा, जाड चिमट्यांचा दिसायला भयंकर असतो, पण विषाने बेताचा. लहान, तांबूस, बारीक चिमट्यांचा आणि जाड शेपटीचा तो लाल विंचू जीव घेऊ शकतो. जांभ्याच्या चिऱ्यांच्या फटी, सरपणाची रास, पेंढा, न झाडता घातलेला बूट या त्याच्या जागा. त्याचं विष मज्जातंतूंमधली सोडियमची दारं बंद होऊ देत नाही, त्यामुळे सगळ्या शरीरात एकाच वेळी धोक्याचे घंटानाद सुरू होतात. आधी ओकारी, दरदरून घाम, तोंडाला लाळ. एकनाथांच्या भारुडातला विंचू काम-क्रोधाचा असला तरी तो चावल्यावर घाम फुटतो, हे निरीक्षण कुठल्याही डॉक्टरला मान्य होईल. मग हात-पाय गार पडतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. हे काही तासांत होतं.

डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा विंचू चावलेली माणसं त्यांच्यासमोर अशी जात होती. रात्र-रात्र रुग्णाशेजारी बसून त्यांनी या लक्षणांची क्रमवारी टिपली आणि मग रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे साधं औषध आवळलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या करतं हे दाखवलं. 1986 साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. गंभीर रुग्णांपैकी पूर्वी शंभरातले चाळीसेक दगावत, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. पुढे हाफकिन संस्थेची विंचवाच्या विषावरची लस आली. लस आणि प्राझोसिन एकत्र दिल्यावर नुसत्या प्राझोसिनपेक्षा रुग्ण लवकर सावरतात, हेही बावस्कर पती-पत्नींनी 2011 साली दाखवून दिलं.

त्यांच्या निरीक्षणातली एक गोष्ट सामान्य माणसाने पाठ करावी अशी आहे. जो ठणक्याने ओरडतो पण ज्याचं अंग कोरडं आणि हात-पाय उबदार आहेत, तो बहुधा तरतो. ज्याला फारसं दुखत नाही, पण ओकारी झाली, घाम फुटला, पाय गार पडले, तो धोक्यात आहे. आपण नेमके उलटे फसतो. ओरडणाऱ्याभोवती गर्दी करतो आणि गप्प पडलेल्या पोराला “याला जास्त चढलेलं नाही” म्हणतो. दुखणं उतरत असतानाच विष आपलं काम करत असतं, आणि मांत्रिकाने विंचू ‘उतरवला’ असं घरच्यांना वाटतं ते याच वेळात. बावस्करांकडे येणाऱ्यांचे जे तास वाया गेलेले असत, ते पुष्कळदा तिथेच गेलेले असत.

म्हणून विंचवाला घरी फक्त एवढंच: घड्याळ बघून वेळ नक्की करा, कागदावर नाहीतर तळहातावर लिहा, ठणक्यासाठी फडक्यात बर्फ धरा आणि निघा. आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, चोखू नका. मूल असेल तर लक्षणांची वाटही बघू नका. प्राझोसिन हे डॉक्टरांनी, रुग्णाला आडवं ठेवून, रक्तदाब बघत द्यायचं औषध आहे. ते घरच्या डब्यात ठेवून द्यायचं नव्हे. घरात ठेवायचीच तर अतिनील प्रकाशाची छोटी बॅटरी ठेवा. तिच्या उजेडात विंचू हिरवट निळा चमकतो आणि अंधाऱ्या पडवीतही लपत नाही.

आणि सुट्टीत गावी जायच्या आधी तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक फोन करून विचारून ठेवा: विंचवाची लस आणि प्राझोसिन आहे का, रात्री डॉक्टर मुक्कामाला असतात का, आणि नसतील तर सर्वांत जवळचं ग्रामीण रुग्णालय घरापासून किती मिनिटांवर आहे.